खांदा, मान आणि बूड

४ ऑगस्ट २०२५, सोमवार. सायंकाळी ७

नोकरीचा पहिला दिवस. रोजनिशीचाही.

कंपनी कोपरगावपासून चौदा किलोमीटरवर, उसाच्या मधोमध, एका द्राक्षबागेला लागून आहे. पद : डॉक्युमेंटेशन असिस्टंट. निवड पूर्णतः गुणवत्तेवर झाली, याची येथे नोंद करणे आवश्यक आहे. मुलाखतीत मालक आप्पासाहेबांनी माझी दहावीची गुणपत्रिका (९७.४० टक्के, मराठी माध्यमात तालुक्यात पहिली, भूमितीत पैकीच्या पैकी) उघडूनही पाहिली नाही. फक्त विचारले, पोरी, कोपरगावात कुठं ऱ्हाती, कुणाची तू. मी अण्णांचे नाव सांगितले. ते हसले आणि म्हणाले, ये सोमवारपासून. खऱ्या जाणकाराला कागद लागत नाहीत.

कंपनी वाइन तयार करते. ही बाब घरी सांगितलेली नाही.

अण्णा म्हणजे माझे वडील, निवृत्त संस्कृत शिक्षक. आता पौरोहित्य करतात. खोकल्याचे औषधसुद्धा लेबल वाचून घेतात. त्यांना सांगितले, काचेच्या पॅकेजिंगचे काम आहे. कंपनीच्या नावात ‘अ‍ॅग्रो’ आहे, त्यामुळे नावाचा अडथळा नाही. विधान असत्यही नाही. वाइन बाटलीत भरतात, बाटली काचेची असते, बाटल्यांची कागदपत्रे माझ्याकडे आहेत. विधान केवळ अपूर्ण आहे. पूर्ण विधान येत्या रविवारी करीन.

आईचा प्रश्न नाही. गेल्या नाताळात शेजारच्या मोनिकाने दिलेला केक आईने डब्यावर ‘रम’ हा शब्द वाचून डब्यासकट अंगणाबाहेर ठेवला होता, हे खरे. परंतु आई अण्णांच्या शब्दाबाहेर नाही.

घरात माझ्या शब्दाला आजवर पुरावा लागलेला नाही. मुख्याध्यापकांना लागे, अण्णांना नाही. स्वतःची मालमत्ता म्हणावी असे माझ्याकडे तेवढेच आहे. ते गमवायचे नाही, म्हणून रविवारच योग्य.

१० ऑगस्ट, रविवार

सांगितले नाही. श्रावणामुळे अण्णांकडे आज तीन सत्यनारायण होते. ज्या दिवशी माणूस तीन वेळा सत्यनारायणाची पोथी सांगून येतो, त्या दिवशी असा विषय काढणे औचित्याला धरून नाही.

निवेदनाचा मसुदा मात्र लिहून काढला. मसुदा क्र. १, ‘तीर्थरूप अण्णांस’ येथून सुरुवात. दोन पाने. भाषा संयत आहे.

१३ ऑगस्ट, बुधवार

माझे टेबल गोडाऊनच्या जाळीच्या खिडकीपाशी आहे. खिडकी उघडत नाही. समोर छतापर्यंत बाटल्या. दिवसभर एकमेकींकडे पाहणे आलेच. म्हणून कॅटलॉग आणि दोन पीडीएफ मिळवून अभ्यास सुरू केला आहे.

मुख्य प्रकार चार. पहिली ताठ खांद्यांची, परेडला उभी असल्यासारखी. तिचे खांदे शोभेचे नाहीत. जुन्या वाइनमध्ये गाळ बसतो. ओतताना तो खांद्याशी अडतो आणि पेल्यात येत नाही. दुसरी उतरत्या खांद्यांची, शांत, खाली रुंद. तिसरी उंच आणि सडपातळ, तिला खांदे जवळजवळ नाहीतच. चौथी जाड काचेची, फसफसणाऱ्या वाइनसाठी. आतला दाब सोसावा म्हणून तिचे बूड आत खोल ढकललेले असते. बाहेरून ते कोणाला दिसत नाही.

पहिलीचे तत्त्व मला विशेष भावले. आत काहीही साठलेले असो, बाहेर स्वच्छ तेवढेच यावे.

लॅबमधली निकिता (श्रीगोंद्याची, डबा खाताना पाय खुर्चीवर घेऊन बसते) हिला हे समजावून सांगितले. तिने विचारले, तू एक घोट पिऊन तरी बघितलीस का. मी म्हणाले, आकाराच्या अभ्यासासाठी पिण्याची आवश्यकता नाही. ती म्हणाली, व्हय, आणि सैपाक शिकायला जेवायची पन न्हाई.

तिची विनोदबुद्धी साधारण आहे. परंतु मन चांगले आहे.

२४ ऑगस्ट, रविवार

आज अण्णांनी जेवताना स्वतःहून विचारले, तुमच्या बाटल्यांत भरतात तरी काय.

संधी उत्तम होती. घाईत वाया घालवू नये म्हणून मी म्हणाले, द्रव पदार्थ. त्यांनी विचारले, कसला द्रव. मी म्हणाले, द्राक्षांपासूनचा. अण्णा म्हणाले, म्हणजे द्राक्षासवासारखं का.

मी मान हलवली. ती होकारार्थीच होती असे कोणालाही सिद्ध करता येणार नाही.

अण्णा म्हणाले, मग आण की एक बाटली. हल्ली जेवणानंतर पोट जड वाटतं.

२६ ऑगस्ट, मंगळवार

स्टँडजवळच्या मेडिकलमधून द्राक्षासव घेतले. ऑफिसच्या एका रिकाम्या, ताठ खांद्यांच्या बाटलीत ओतले. अण्णांनी दोन चमचे घेतले, बाटली उजेडात धरून पाहिली, माझ्याकडेही पाहिले आणि म्हणाले, बाटली छान आहे.

मसुदा क्र. २ मध्ये द्राक्षासवाचा परिच्छेद वाढवावा लागला. आता चार पाने.

निकिताला हकिगत सांगितली. ती म्हणाली, अगं सांगून मोकळी हो की, बाप काय खातो का तुला. मी म्हणाले, प्रश्न खाण्याचा नाही, पिण्याचा आहे. ती इतकी हसली की तिच्या हातून लॅबमधले काचेचे नळकांडे फुटले. त्याची नोंद मलाच करावी लागली.

९ सप्टेंबर, मंगळवार

मीटिंग. आप्पासाहेबांचे चिरंजीव रविराजसर (पुण्याहून एमबीए) म्हणाले, मार्केटमध्ये सगळ्यांची बाटली सारखीच आहे. आपल्याला काहीतरी लोकल, ऑथेंटिक पाहिजे, हातात घेतल्याबरोबर माणसाला आपली माती आठवली पाहिजे. सगळे गप्प बसले. मीही गप्प बसले, परंतु माझे गप्प बसणे विचारपूर्वक होते.

सायंकाळी देवघरात दिवा लावताना उत्तर समोर आले. गंगेचा गडू. पणजोबांनी काशीहून आणलेला, वीतभर, तांब्याचा, गोल पोट, आखूड मान, तोंड झाळून कायमचे बंद केलेले. ऐंशी वर्षे आतील द्रव जसाच्या तसा आहे. ऐंशी वर्षे. जगातील कोणत्या वाइनच्या बाटलीला हे साधले असेल?

आतील द्रव जसाच्या तसा आहे हे कसे समजले, असा प्रश्न मनात आला. तो गौण आहे.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

अकरा पानी प्रस्ताव सादर केला : ‘गडूसदृश बाटली – परंपरा, भूमिती व बाजारपेठ’. मापे मी स्वतः काढली. पोटाचा व्यास, मानेची लांबी, सगळे दशांश चिन्हानंतर दोन अंकांपर्यंत. आतील क्षमता बरोबर ७५० मिलिलिटर येते.

रविराजसरांनी नववे पान, म्हणजे आकृती, उघडले. म्हणाले, क्यूट आहे. मग फोनवर बोलत निघून गेले.

अर्थ : प्रस्ताव तत्त्वतः मान्य.

२३ सप्टेंबर, मंगळवार

खरोखर मान्य झाला. काचकारखान्याकडून सहाशे बाटल्यांचा ट्रायल लॉट मागवणार. कागदावर ‘डिझाइन’पुढे माझे नाव आहे. मराठी माध्यमातील मुलीने एका जागतिक उत्पादनाला आकार दिला, असे वाक्य सुचले. कोणाला सांगावे हे सुचले नाही. आई समोर भाजी निवडत होती. तिला म्हणाले, आज काम चांगले झाले. आई म्हणाली, काचेचं ना, जपून गं, हात कापतील.

१ ऑक्टोबर, बुधवार. खंडेनवमी

कंपनीत यंत्रपूजा. सकाळपासून डोके दुखत असल्याने रजा. कारण वैद्यकीय आहे. कंपनीच्या पूजेला कोपरगावचेच कोणी गुरुजी येतील, ते मला ओळखतील आणि अण्णांच्या कानावर घालतील, हा विचार नंतर आला.

अण्णा दरवर्षीप्रमाणे त्यांच्या एका यजमानांकडे यंत्रपूजेला गेले. दुपारी बेदाण्यांचा खोका घेऊन आले. त्यांनी विचारले, तू आज गेली नाहीस का कंपनीत. मी डोक्याचे सांगितले. ते म्हणाले, अरे रे, मग उगीच राहिलं.

काय राहिले, ते बोलले नाहीत. हल्ली अण्णा वाक्ये अर्धवट सोडतात. वयाचा परिणाम.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

कंपनीत सगळ्यांना दसऱ्याची भेट : बेदाण्यांचा खोका. तोच हिरवा खोका, तीच जांभळी फीत. योगायोग. जिल्ह्यात खोके करणारे असे किती असणार.

बॉटलिंग लाइनवरचा वैजनाथ म्हणाला, मॅडम, तुमी पूजेला न्हवता, गुरुजींनी लई झकास पूजा केली. बाटलीच्या मशीनवर अक्षता टाकून म्हन्ले, हितं नवीन बाटली येनार म्हनं, तिलाबी यश येवो.

भले गृहस्थ दिसतात. कोणते गुरुजी, हे विचारण्याचे कारण नव्हते.

२ नोव्हेंबर, रविवार

अण्णा आणि आई आज काशीला गेले. दहा दिवस घर मोकळे. या काळात निवेदनाचा सराव करून ते परतताच सांगणे असा कार्यक्रम आखला आहे. मसुदा क्र. ४ (सात पाने) देवघरासमोर उभे राहून मोठ्याने वाचला. चौथ्या पानावर आवाज बसला. उरलेला उद्या.

ऑगस्टपासून अण्णांना महिन्याला एक द्राक्षासवाची बाटली आणून देते. तिसरी संपत आली असेल, म्हणून फडताळ उघडले. तिन्ही बाटल्या जवळजवळ भरलेल्या आहेत. अण्णांना सगळे पुरवून वापरण्याची सवय आहे.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

दोन घटना.

एक. अण्णा-आई सुखरूप परतले. सोबत वीस लिटरचा गंगाजलाचा कॅन. काशीयात्रेचे मावंदे रविवारी तीस तारखेला करायचे. सगळे नातेवाईक जेवायला, आणि प्रत्येकाला गंगाजल द्यायचे.

दोन. सहाशे बाटल्या आल्या. गडद हिरव्या, गोल, देखण्या. एक ओढणीत गुंडाळून घरी आणली, माझ्या टेबलावर ठेवून पाहावी म्हणून. अण्णा चष्मा शोधत खोलीत आले आणि बाटली पाहून थांबले.

त्यांनी ती दोन्ही हातांनी उचलली. बराच वेळ फिरवून पाहिली. म्हणाले, ही तू केलीस? मी हो म्हणाले. ते म्हणाले, आपला गडू. फार सुंदर केलास गं. अगदी मोजून केलास.

अण्णांनी माझी शेवटची स्तुती दहावीच्या निकालाला केली होती. तीही फक्त भूमितीची.

मग त्यांनी विचारले, हिच्यात काय भरणार आहेत?

मसुदा क्र. ५ पिशवीत होता. हात पिशवीकडे गेलासुद्धा. अण्णा थांबून पाहत होते. शेवटी त्यांनीच विचारले, गंगाजल का.

मी म्हणाले, अनेक शक्यतांपैकी ती एक.

अण्णांनी सुस्कारा टाकला. प्रवासाचा शीण असावा. म्हणाले, बरं. मग मावंद्याला एक्कावन्न लागतील.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

बॉटलिंग लाइनवर ट्रायल. यंत्रात काही दोष आहेत ते समोर आले.

यंत्र सरळ कडांच्या बाटल्यांसाठी केलेले आहे. माझ्या बाटल्या पट्ट्यावर एकमेकींना ढकलत स्वतःभोवती फिरू लागल्या. अकरा खाली पडल्या. वैजनाथ म्हणाला, मॅडम, ही लई गरगरीत हाय, हिला रांग कळत न्हाई. बुचाचे यंत्र लांब मानेसाठी असल्याने बुचाचे खालचे टोक थेट पोटात उतरले. शिवाय बुचाच्या बाटल्या आडव्या ठेवायच्या असतात, बूच ओले राहावे म्हणून. माझी आडवी ठेवली की गडगडत निघते. वैजनाथ तिच्यामागे पळत म्हणाला, हिला झोपायचं माहितीच न्हाई.

क्षमतेविषयी. बाटलीत ७५० नव्हे, ६४० मिलिलिटर मावते. मी दिलेली मापे बिनचूक आहेत. काचकारखान्याने ती बाहेरून धरली. वस्तुतः मी ती बाहेरूनच दिली होती. परंतु भूमितीत रेषेला जाडी नसते. काचेला असते, हे पाठ्यपुस्तकात कोठेही नव्हते.

रविराजसर काही बोलले नाहीत. त्यांना विचार करायला वेळ हवा आहे.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

डीलर मंडळी आली. नगरचे दोघे, नाशिकचा एक. हाताने भरलेल्या बाटल्या मांडल्या होत्या. चूक कोणाची, हे ठरवणे कठीण आहे, म्हणून घडले तसे लिहिते.

रविराजसरांनी बाटली उचलून तिरपी केली. नगरच्या ज्येष्ठ डीलरसाहेबांनी समोरचा काचेचा पेला बाजूला सारला आणि उजवा तळहात पुढे केला. खोलगट करून, खाली डावा हात लावून. सरांनीही काही न सुचून त्यात थोडी ओतली. डीलरसाहेबांनी ती प्राशन केली, ओला हात डोक्यावरून फिरवला आणि मग त्यांना ते लक्षात आले. तोवर त्यांच्या शेजारच्यानेही हात पुढे केला होता. ट्रे घेऊन उभा असलेला वैजनाथ तर पायांतल्या चपला काढून उभा होता.

डीलरसाहेब म्हणाले, रविराजशेठ, माल उत्तम आहे, पण ही बाटली दुकानात ठेवली तर गिऱ्हाईक चपला बाहेर काढून आत येईल, नमस्कार करील आणि हात हलवत परत जाईल. नाशिकचे म्हणाले, आणि घरी नेऊन रिकामी झाली की टाकायची कुठं? पाय लागला तर?

निकिता टेबलाखाली वाकून काहीतरी शोधत होती. तिचे खांदे हलत होते.

अभिप्राय संमिश्र.

२३ नोव्हेंबर, रविवार

निर्णय कळला. वाइन ताठ खांद्यांच्या जुन्याच बाटलीत जाणार. सहाशे बाटल्या फोडून काच परत पाठवणार. मी धीर करून रविराजसरांना फोन केला आणि एक्कावन्न मागितल्या. ते म्हणाले, सगळ्या न्या.

एका दृष्टीने हे उत्तमच झाले. बाटली आता वाइनची राहिली नाही, म्हणजे गंगाजलाविषयीचे माझे विधान आपोआप निर्दोष झाले. राहिला मूळ मुद्दा. तो मावंद्याची गडबड आटोपल्यावर सांगीन. मसुदा क्र. ६ सर्वसमावेशक आहे.

अडचण एकच. अण्णा म्हणतात, बाटल्या आणायला मी स्वतः येतो. मी सांगितले की बाहेरच्यांना प्रवेश नाही. हेल्मेट सक्तीचे आहे. काचेचे कण हवेत असतात. आठ दिवस आधी अर्ज लागतो. अण्णा सगळे ऐकून घेऊन म्हणाले, बरीच शिस्त आहे.

त्यांनी ऐकले. अण्णांनी माझे विधान आजवर कधी पडताळून पाहिलेले नाही.

२६ नोव्हेंबर, बुधवार. दुपारी ३

क्रमाने लिहिते.

११.२० वाजता गेटवर टेम्पो थांबला. पुढच्या सीटवरून अण्णा उतरले. मी त्या क्षणी खोक्यांच्या थप्पीमागे जाऊन स्टॉकची पाहणी सुरू केली.

वॉचमनने अण्णांना अडवले नाही. सलाम केला. आप्पासाहेब ऑफिसातून स्वतः बाहेर आले, चप्पल काढून अण्णांच्या पाया पडले आणि म्हणाले, गुरुजी, फोन तरी करायचा, गाडी धाडली असती. अण्णा म्हणाले, बाटल्या न्यायच्या, म्हणजे टेम्पोच बरा. आप्पासाहेब म्हणाले, सहा वरसं झाली, ह्या जागेचं भूमिपूजन तुमच्या हातनं झालं. दर खंडेनवमीला येता, पन बेदान्याच्या खोक्याबिगर काय घेत न्हाई. अण्णा म्हणाले, माझ्या एका शब्दावर मुलीला नोकरीला घेतलंत, अजून काय घ्यायचं.

हे वाक्य मी मनात तीनदा वाचले. त्यातून दुसरा अर्थ निघत नाही.

एवढ्यात वैजनाथ थप्पीच्या या बाजूला आला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाला, मॅडम, हितं खाली बसून काय करताय, गुरुजी आलेत.

सायंकाळी ६

टेम्पोत मी मधे, एका बाजूला ड्रायव्हर, दुसऱ्या बाजूला अण्णा, मागे काचेची किणकिण. उतरता येण्यासारखे नव्हते. पिशवीतून मसुदा क्र. ६ काढला आणि अण्णांच्या हातात दिला.

अण्णांनी तो रस्ताभर वाचला. दोन ठिकाणी पेन्सिलने शुद्धलेखन सुधारले. मग म्हणाले, पहिल्या दिवशी काच म्हणालीस, वाटलं चार दिवसांत बोलशील. नाही बोललीस, म्हणून विचारलं आत काय भरतात. मग द्राक्षासव मागितलं. म्हटलं, आता तरी अडचणीत येऊन सांगशील. तू आणूनच दिलंस. स्टँडवरचा मेडिकलवाला त्याच दिवशी मला म्हणाला, गुरुजी, पोट बिघडलं का, मुलगी द्राक्षासव घेऊन गेली. बाटली हातात घेऊन विचारलं, तेव्हाही तू शक्यता मोजत बसलीस. आणखी किती दारं उघडायची गं माणसानं?

मी म्हणाले, मग तुम्हीच का नाही सांगितलं, की तुम्हाला माहीत आहे.

अण्णा बाहेर उसाकडे पाहत राहिले. ऊस संपला, मग पुन्हा ऊस लागला. मग ते हळू आवाजात म्हणाले, तुला सांगायचं तर घरात बोलावं लागलं असतं. तुझ्या आईला मी अजून सांगितलेलं नाही. सहा वर्षं बेदाणे आणतो. ती विचारते कुणाकडचे, मी म्हणतो, यजमानांची द्राक्षबाग आहे.

मी म्हणाले, हे असत्य नाही.

अण्णा म्हणाले, नाही ना.

पुढचे सहा किलोमीटर ड्रायव्हर आमच्याकडे आळीपाळीने पाहत होता.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

आप्पासाहेबांनी आज बोलावले. माझ्या टेबलासमोर एक रिकामे टेबल लावलेले पाहिले, तेव्हाच शंका यायला हवी होती.

ते म्हणाले, साचा मोडायचा न्हाई. बुचाच्या जागी पत्र्याचं झाकन बसवू. नाशिकचा कुंभमेळा येतोय, लोक गोदावरीचं पानी घरी नेनार, त्यांना असलंच भांडं पाहिजे. बाजूच्या शेडमध्ये वेगळा विभाग काढायचा, रिकाम्या बाटल्या विकायच्या. प्रमुख तू. आन सल्ल्याला गुरुजी. कालच हो म्हन्लेत, सोमवारपास्नं येनार.

रविराजसरांना फार हायसे वाटलेले दिसले. त्यांनी प्रथमच माझे अभिनंदन केले.

म्हणजे माझी बाटली जिवंत राहिली. वाइनशी तिचा संबंध उरला नाही, माझाही उरला नाही. चारही प्रकारांच्या टिपणांची वही निकिताला देऊन टाकली. ती म्हणाली, अगं, तू बापापास्नं लपवायला निघालीस आन बापालाच आत घेतलंस की.

एक गोष्ट नमूद करणे आवश्यक आहे. कंपनी आता खरोखरच काचेच्या पॅकेजिंगचे काम करते. माझे ४ ऑगस्टचे विधान आजपासून पूर्णतः सत्य आहे.

३० नोव्हेंबर, रविवार

मावंदे पार पडले. पंगती तीन. एक्कावन्न बाटल्या एक्कावन्न देवघरांत गेल्या. नगरची पंकजाआत्या म्हणाली, काय सुबक आहे, कुठं मिळाल्या. आई अभिमानाने म्हणाली, आमच्या मनवाच्या काचेच्या कंपनीतल्या, आणि आता हेसुद्धा तिथंच जाणार सल्लागार म्हणून. आत्याने विचारले, बाई, काचेच्या कंपनीला पुरोहिताचा सल्ला कशाला. सगळ्यांनी अण्णांकडे पाहिले. अण्णांनी तातडीने पुढच्या पंगतीला तूप वाढायला घेतले.

संध्याकाळी अण्णांशी गच्चीवर चर्चा केली. आईला सांगणे आवश्यक आहे, यावर पूर्ण एकमत. मोनिकाच्या केकची दोघांनाही आठवण आहे. कोणी सांगावे, यावर अण्णा म्हणाले, तूच सांग. तुझी तयारी जास्त आहे.

१ डिसेंबर, सोमवार. सकाळी ७.४०

८.१० च्या एसटीने दोघांना निघायचे आहे. आईने दोन डबे भरले. पोळ्या गुंडाळताना तिने सहज विचारले, बाकीच्या बाटल्यांत तिथं भरतात तरी काय.

अण्णा चप्पल शोधायला बाहेर गेले. चप्पल त्यांच्या पायांत होती.

मी म्हणाले, द्रव पदार्थ.

आई माझ्याकडे पाहत राहिली. मग फडताळातून द्राक्षासवाच्या तिन्ही बाटल्या काढून डब्यांशेजारी ठेवल्या आणि म्हणाली, ह्या परत देऊन ये. कोणी घेत नाही.

मसुदा क्र. ६ वाचून पाहिला. ‘तीर्थरूप अण्णांस’ खोडून ‘तीर्थरूप सौ. आईस’ केले. बाकी मजकूर आहे तसा चालतो. शुद्धलेखन अण्णांनी तपासलेलेच आहे.

येत्या रविवारी.